क्री लोकांची स्वतःची बालसेवा नेमकी कशी चालते, आणि भावकीचं काय?

प्रश्न असा आलाय: "मी नाशिकला एमएसडब्ल्यूच्या शेवटच्या वर्षाला आहे, बालकल्याण समितीत इंटर्नशिप केलीय. कॅनडात क्री आदिवासी समाज स्वतःची चाइल्ड अँड फॅमिली सर्व्हिस चालवतो असं ऐकलं. सरकारी खात्यापेक्षा त्यात वेगळं काय असतं? आणि गावात सगळे एकमेकांचे नातेवाईकच असतील तर भावकीच्या दडपणात मुलाचं नुकसान होत नाही का?"

सांगते. मी मूळची साताऱ्याची, एमएसडब्ल्यू पुण्याचं. इथे कॅनडात आल्यावर आधी ४ वर्षं एका शहरातल्या सरकारी बालसंरक्षण ऑफिसात होते आणि नंतर गेली १४ वर्षं उत्तर मॅनिटोबा प्रांतातल्या एका क्री एजन्सीत (म्हणजे क्री लोकांच्याच बालसेवा संस्थेत), आधी फील्डवर आणि आता सुपरव्हायजर. दोन्हीकडच्या फाइली हाताखालून गेल्यात म्हणून फरक सांगू शकते. पण मी क्री नाही, तिथे मी पाहुणी आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

फरक एका रात्रीवरून सांगते. जानेवारी महिना, बाहेर उणे ३५, रात्री साडेअकराला फोन आला. एका घरात पिणं चाललंय, आईबाप दोघंही शुद्धीत नाहीत, आत तीन पोरं आहेत आणि धाकटं दोन वर्षांचं. शहरातल्या ऑफिसात असते तर मी काय केलं असतं ते मला पाठ आहे, कारण मी ते केलेलं आहे: पोलिसांना घेऊन जायचं, झोपेतल्या पोरांना ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीत घालायचं, कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कोंबायचे आणि मग गाडीत बसूनच फोन लावत राहायचं की आज रात्री कुठल्या फोस्टर होममध्ये (मूल तात्पुरतं सांभाळणाऱ्या परक्या घरात) बेड रिकामा आहे, आणि तिघांना एकत्र जागा बहुतेक वेळा मिळतच नाही, म्हणजे पहाटेपर्यंत तीन भावंडं तीन अनोळखी घरांत. आमच्याकडे त्या रात्री पहिला फोन गेला पोरांच्या कूकुमला. कूकुम म्हणजे आजी. तिनं काय झालं, कोण होतं, काहीच विचारलं नाही, विचारलं एवढंच की पोरं जेवलीत का. मी तिला घ्यायला गेले तेव्हा ती दारातच उभी होती, हातात एक पिशवी, त्यात गोळ्या, चप्पल आणि बॅनकसाठी पीठ (बॅनक म्हणजे त्यांची जाड भाकरी म्हणा). गावाचा सेफ्टी ऑफिसर आमच्या आधी पोचला होता. पाहुणे मंडळींना त्यानं वाटेला लावलं, बाप त्याच्या चुलतभावाकडे गेला, आईला तिची बहीण घेऊन गेली, आणि पोरं जिथे झोपली होती तिथेच झोपून राहिली. मी भांडी घासली, कूकुमनं फरशी पुसली, मग दोघी चहा घेत बसलो. सकाळी मधला मुलगा मोजे घालून बाहेर आला, आजीकडे बघितलं, टेबलाशी बसला आणि बॅनक खायला लागला. त्याचे बूट दाराशी रोजच्या जागी होते. साडेआठची स्कूल बस त्यानं रोजच्यासारखी पकडली.

आई पाच महिन्यांनी घरी परत आली. उपचार घेऊन, घरी यायच्या आधी आठवड्यातून तीनदा पोरांना कूकुमच्या समोर भेटून, प्लॅनवर जे जे लिहिलं होतं ते करून. कूकुमनं किल्ली तिच्या हातात दिली, आणि तरी स्वतः अजून तीन आठवडे त्याच घरात सोफ्यावर झोपत होती.

ही पद्धत आमची नाही, ती निसिचावायासिक क्री नेशनची. जुनं नाव नेल्सन हाऊस, थॉम्पसन शहराच्या पश्चिमेला साधारण ८० किलोमीटरवर. त्यांच्या फॅमिली अँड कम्युनिटी वेलनेस सेंटरनं २००० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ठरवलं की घरात काही बिघडलं तर घरातून मूल नाही, मोठी माणसं बाहेर जातील. ऐकायला साधं वाटतं, पण त्यामागे एक व्यवहाराची गोष्ट आहे जी बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. रिझर्व्हवरची, म्हणजे आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवरच्या वस्तीतली, बहुतेक घरं त्या कुटुंबाच्या नावावर नसतात, ती बँडच्या मालकीची असतात, म्हणजे गावाच्या. त्यामुळे बँड कौन्सिल ठराव करून सांगू शकतं की हे घर सध्या पोरांचं, तुम्ही दोघं बाहेर राहा. शहरात भाड्याच्या घरातून आईबापाला बाहेर काढायचं म्हटलं तर कोर्ट, घरमालक, पोलीस, सगळी वरात लागते, म्हणून तिथला कायदा मुलालाच हलवतो, कारण हलवायला ते सगळ्यात सोपं असतं. चूक मोठ्यांची आणि घर, शाळा, अंथरूण, कुत्रं सगळं सुटतं मुलाचं. हे एकदा नीट दिसलं ना की मग डोक्यातून जात नाही.

आता क्री म्हणजे कोण ते थोडक्यात, नाहीतर गोंधळ होईल. क्री हे एका गावाचं नाव नाही. अल्बर्टापासून क्यूबेकमधल्या जेम्स बेपर्यंत पसरलेले, कॅनडातल्या मोठ्या फर्स्ट नेशन्सपैकी (म्हणजे मूळ आदिवासी समाजांपैकी) एक, भाषा एक पण बोली वेगवेगळ्या. त्यामुळे "क्री बालसेवा" अशी एक संस्था नाही, प्रत्येक प्रांतात वेगळी व्यवस्था. क्यूबेकमधल्या क्री लोकांनी १९७५ च्या जेम्स बे करारातच आरोग्य आणि समाजसेवा आपल्या हातात घेतली, १९७८ पासून त्यांचा स्वतःचा आरोग्य आणि समाजसेवा बोर्ड आहे, चिसासिबी, मिस्टिसिनी, वास्कागानिश वगैरे नऊ गावांसाठी. आमच्याकडे मॅनिटोबात १९८० च्या दशकात एकेक एजन्सी उभी राहिली आणि २००३ च्या कायद्यानं उत्तरेकडच्या फर्स्ट नेशन्ससाठी या एजन्सींवर देखरेख करणारी वेगळी ऑथॉरिटी झाली.

पण या सगळ्यांत माणसं जोडते ती एक गोष्ट, तिला क्रीमध्ये वाहकोहतोविन म्हणतात. इंग्रजीत त्याचं भाषांतर नातेसंबंध असं काहीतरी करतात आणि ते फारच पातळ होतं. आपला "गणगोत" हा शब्द जवळचा आहे, म्हणजे कोण कुणाचं काय लागतं एवढंच नाही तर कुणावर कुणाची काय जबाबदारी आहे तेही त्यात आलं. मला हे समजायला सगळ्यात मदत कशाची झाली असेल तर मराठीची. इंग्रजी फॉर्मवर "मुलाशी नातं" असा रकाना असतो, त्यात आँट लिहिलं की संपलं. क्रीमध्ये आईच्या बहिणीला निकावीस म्हणतात, निकाविय म्हणजे माझी आई, आणि निकावीस म्हणजे माझी छोटी आई. बापाच्या भावासाठीचा शब्दही तसाच, छोटा बाप. आणि बापाची बहीण मात्र वेगळी, निसिकोस, आणि तोच शब्द सासूलाही. मामा म्हणजे निसिस, आणि सासराही निसिस. पहिल्यांदा एका कूकुमनं मला हे समजावून सांगितलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं, कारण आमच्या घरी आई तिच्या सासूला आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामंजी! मी तिला हे सांगितल्यावर तिनं मला पहिल्यांदा नीट निरखून बघितलं, तोपर्यंत मी तिच्या लेखी ऑफिसची बाई होते.

हे नुसतं शब्दांचं कौतुक नाही, कामावर याचा थेट परिणाम होतो. मावशी म्हणजे छोटी आई असेल तर आई आजारी पडल्यावर मूल मावशीकडे राहायला गेलं यात "प्लेसमेंट" काही झालंच नाही, मूल एका आईकडून दुसऱ्या आईकडे गेलं. आपल्याकडे म्हणतातच की माय मरो पण मावशी जगो. सरकारी पद्धतीत मात्र ती मावशी म्हणजे एक अर्जदार, तिचं घर तपासायचं, बेडरूम मोजायच्या, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा पोलिस रेकॉर्ड काढायचा, २० वर्षांपूर्वीचा एखादा गुन्हा निघाला की अर्ज बाद, आणि मूल ४०० किलोमीटर लांब अशा घरात जिथे प्रत्येकाला स्वतंत्र बेडरूम आहे पण त्याची भाषा कुणाला येत नाही. मी असे अर्ज बाद केलेले आहेत, माझ्या सहीनं. एका मावशीनं मला विचारलं होतं की माझ्या घरात बेडरूम कमी आहेत हे तुम्ही मोजलंत, माणसं किती आहेत ते मोजलंत का. मला उत्तर देता आलं नव्हतं.

इतिहास न सांगता पुढे जाता येत नाही. रेसिडेन्शियल स्कूल तुम्ही ऐकलं असेल, साधारण दीड लाख आदिवासी मुलं शंभराहून जास्त वर्षांत घरातून नेऊन बोर्डिंगमध्ये ठेवली, भाषा बोलली तर शिक्षा. ते कमी व्हायला लागलं तोवर दुसरं सुरू झालं. १९५१ मध्ये इंडियन अ‍ॅक्टमध्ये (कॅनडाचा तिथल्या आदिवासींसाठीचा कायदा) कलम ८८ आलं आणि प्रांतांचे कायदे रिझर्व्हवर लागू झाले, म्हणजे प्रांताच्या सोशल वर्करला आत शिरायचा अधिकार मिळाला, पण घर सावरायला पैसा कुणी दिला नाही. मग काय, मुलं उचलली. याला सिक्स्टीज स्कूप म्हणतात, पण ते साठच्या दशकापुरतं नव्हतं, ऐंशीच्या दशकापर्यंत चाललं. सस्कॅचवानमध्ये १९६७ साली सरकारनं योजनाच काढली होती, पेपरात आणि टीव्हीवर आदिवासी मुलांच्या जाहिराती, दत्तक घ्या म्हणून. मॅनिटोबातून तर मुलं अमेरिकेत दत्तक गेली, शेवटी १९८२ मध्ये प्रांताबाहेरची दत्तकं थांबवावी लागली आणि जज किमेलमन यांनी १९८५ च्या अहवालात याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं. म्हणजे आज जी कूकुम ६५ वर्षांची आहे ती स्वतः बोर्डिंगमध्ये गेलेली, तिचं एखादं मूल स्कूपमध्ये गेलेलं, आणि आता नातवाच्या दारात गळ्यात ओळखपत्र घातलेली मी उभी. ती दार लावून घेते यात नवल काय. मॅनिटोबात तर अगदी १ जुलै २०२० पर्यंत बर्थ अलर्ट चालू होते, म्हणजे ऑफिसनं जिचं नाव आधीच देऊन ठेवलंय ती बाळंतीण हॉस्पिटलात आली की तिथूनच ऑफिसला कळवायचं, आणि मग बाळ उचललं जायची भीती. त्यामुळे बायका पोटुशी असताना डॉक्टरकडे जायलाच घाबरायच्या, आणि मग कागदावर लिहिलं जायचं की आईनं गरोदरपणात तपासणी केली नाही.

आता पैसा. मला विचाराल तर पूर्ण विषयाची गाठ इथे आहे आणि लोक संस्कृती वगैरेवर भरभरून बोलतात पण इथे येऊन थांबतात. रिझर्व्हवरच्या बालसेवेचा पैसा केंद्र सरकार देतं. १९९१ पासून जो फॉर्म्युला होता त्यात मूल केअरमध्ये (म्हणजे घरातून काढून बालसेवेच्या ताब्यात) घेतलं की त्याचा खर्च सरकार जसा होईल तसा भरून देणार, पण मूल घरातच राहावं म्हणून काही करायचं तर त्यासाठी ठरलेली तुटपुंजी रक्कम, ती संपली की संपली. शिवाय फॉर्म्युल्यात गृहीतच धरलेलं की ६ टक्के मुलं केअरमध्ये असणार, मग तुमच्या गावात प्रत्यक्षात कितीही असोत. विचार करा, एका आईला हीटर दुरुस्त करून द्यायचाय आणि आठवड्यातून दोन दिवस पोरं सांभाळायला बाई द्यायचीय, त्याला पैसे नाहीत, पण तीच पोरं उचलून शहरातल्या फोस्टर होममध्ये ठेवली तर महिन्याला हजारो डॉलर बिनबोभाट मिळणार. एजन्सी क्री असो की कुणाची असो, चेअरमन क्री असो, भिंतीवर गरुडाचं पीस लावलेलं असो, पैशाचं पाणी जिकडे वाहतं तिकडेच काम जातं. आमच्या एजन्सीच्या जुन्या फाइली बघितल्या की वाईट वाटतं, आपल्याच माणसांनी आपलीच पोरं उचलून दिलीत कारण दुसऱ्या कशाला बजेटच नव्हतं.

याविरुद्ध २००७ मध्ये फर्स्ट नेशन्सच्या चाइल्ड अँड फॅमिली केअरिंग सोसायटीनं आणि असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्सनं मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. सिंडी ब्लॅकस्टॉक हे नाव लक्षात ठेवा, त्या गिटक्सान आहेत, क्री नाहीत, स्वतः सोशल वर्कर. सरकारनं ९ वर्षं भांडून घेतलं. शेवटी २६ जानेवारी २०१६ ला मानवी हक्क न्यायाधिकरणानं निकाल दिला की कॅनडा सरकार या मुलांशी भेदभाव करतं आणि हा फॉर्म्युलाच मुलं उचलायला प्रोत्साहन देतो. त्यानंतरही आदेशांवर आदेश काढावे लागले. १ एप्रिल २०२२ पासून रिझर्व्हवर राहणाऱ्या प्रत्येक माणसामागे २,५०० डॉलर या हिशोबानं प्रतिबंधाच्या कामाला पैसे यायला लागले, आणि १८ पूर्ण झाल्यावर केअरमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना २६ व्या वाढदिवसापर्यंत आधार मिळायला लागला. आमच्या ऑफिसात त्या वर्षी काय बदललं सांगू? दोन ट्रक लाकूड आलं, एक सुतार नोकरीला लागला, आणि सहा कूकुमांना दरमहा मानधन सुरू झालं, जे काम त्या आयुष्यभर फुकट करत होत्या त्याचं. नुकसानभरपाईचा दावा वेगळा चालला, त्यात २०२३ मध्ये २३ अब्ज डॉलरपेक्षा जास्त रकमेची तडजोड कोर्टानं मंजूर केली.

आणि जॉर्डन. जॉर्डन रिव्हर अँडरसन, नॉर्वे हाऊस क्री नेशनचा मुलगा, जन्म १९९९, जन्मतःच गुंतागुंतीचा आजार. दोन वर्षांचा असताना डॉक्टरांनी सांगितलं की आता विशेष सोय असलेल्या घरी नेता येईल. पण घरी त्याच्या देखभालीचा खर्च केंद्रानं द्यायचा की प्रांतानं, यावर वाद सुरू झाला, एकेका बाबीवर. दोन वर्षांहून जास्त तो वाद चालला आणि २००५ मध्ये जॉर्डन हॉस्पिटलमध्येच वारला, पाच वर्षांचा होऊन, एक दिवसही कुटुंबाच्या घरात न राहता. त्याच्या नावानं जॉर्डन्स प्रिन्सिपल आहे, आधी मुलाला सेवा द्या, बिल कुणी भरायचं ते सरकारं नंतर आपसात बघतील. डिसेंबर २००७ मध्ये संसदेनं एकमतानं मान्य केलं, आणि तरी प्रत्यक्षात यायला न्यायाधिकरणाचा बडगा लागला. मी आजही एखाद्या मुलाच्या व्हीलचेअरसाठी किंवा स्पीच थेरपीसाठी जो फॉर्म भरते तो त्याच्या नावाचा आहे, आणि नॉर्वे हाऊस आमच्याच भागात येतं, त्यामुळे तो फॉर्म हातात घेताना दर वेळी थोडं थांबायला होतं.

कायद्याचं. जुन्या पद्धतीत एजन्सी क्री लोकांची पण कायदा प्रांताचा, म्हणजे घर आपलं आणि नियम शेजाऱ्याचे. २०१९ मध्ये केंद्रानं कायदा केला, सगळे त्याला सी-९२ म्हणतात, १ जानेवारी २०२० पासून लागू. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, देशभर किमान नियम: फक्त गरिबी, अपुरं घर, आईबापाचा आजार या कारणावरून मूल उचलायचं नाही, आणि ठेवायचं झालं तर क्रमानं आधी आईबाप, मग कुटुंबातलं मोठं माणूस, मग त्याच समाजातलं, मग दुसऱ्या आदिवासी समाजातलं, आणि सगळ्यात शेवटी इतर कुणी. दुसरी गोष्ट मोठी, फर्स्ट नेशन स्वतःचा बालकायदा करू शकतं, केंद्र आणि प्रांताशी समन्वय करार करायचा, वर्षभर प्रामाणिक प्रयत्न करूनही करार झाला नाही तरी त्या कायद्याला केंद्रीय कायद्याइतकं बळ मिळतं आणि तो प्रांताच्या कायद्याच्या वरचा ठरतो. या वाटेनं करार करणारं पहिलं होतं सस्कॅचवानमधलं कावेसेस फर्स्ट नेशन, तिथे क्री आणि सोल्टो दोन्ही लोक आहेत. त्यांच्या कायद्याचं नाव मियो पिमातिसोविन, चांगलं जगणं. ६ जुलै २०२१ ला करार झाला, पहिल्या दोन वर्षांसाठी ३.८७ कोटी डॉलर. त्याच्या फक्त बारा दिवस आधी याच कावेसेसनं जाहीर केलं होतं की त्यांच्याकडच्या जुन्या मारिवाल बोर्डिंग शाळेजवळ ७५१ बिनखुणेच्या कबरी सापडल्यात. म्हणजे एका हातानं जुन्या कबरी मोजत होते आणि दुसऱ्या हातानं आताच्या पोरांसाठी सही करत होते. अल्बर्टात मास्क्वाचीसच्या लुई बुल लोकांनीही स्वतःचा कायदा केला. क्यूबेक सरकारनं सी-९२ ला कोर्टात आव्हान दिलं होतं, ९ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं एकमतानं कायदा पूर्ण वैध ठरवला. त्या दिवशी आमच्या ऑफिसात कुणी भाषण केलं नाही, एका एल्डरनं (समाजातल्या मानाच्या ज्येष्ठ माणसानं) सेज या पवित्र वनस्पतीचा धूर दिला आणि मग सगळे आपापल्या कामाला गेलो, कारण शुक्रवार होता आणि शुक्रवारी फोन जास्त येतात.

आता तुमचा भावकीचा प्रश्न. चांगला प्रश्न आहे आणि मी तो टाळणार नाही. दडपण येतं. तीन हजार वस्तीच्या गावात सोशल वर्करची आतेबहीण, पंचायतीतल्या माणसाचा पुतण्या, दुकानदाराची सून, हे सगळे कधी ना कधी तिच्या फाइलमध्ये येणारच. मला एका माणसानं, ज्याचं गावात वजन होतं, थेट घरी फोन करून सांगितलं होतं की माझ्या पुतण्याच्या घरचं प्रकरण घरातच राहू दे. मी परकी होते म्हणून मला नाही म्हणणं सोपं गेलं, माझी सहकारी त्याच गल्लीत राहते, तिला ते सोपं नव्हतं. यावर जे उपाय चालतात ते साधे आहेत: जवळच्या नात्यातली केस घ्यायची नाही, गरज पडली तर शेजारच्या गावाच्या एजन्सीकडे द्यायची, एजन्सीचं बोर्ड चीफ आणि कौन्सिलपासून वेगळं ठेवायचं, आणि मुलाचा प्लॅन बंद खोलीत नाही तर सगळ्या बाजूंच्या नातेवाइकांना एका टेबलाशी बसवून करायचा. हे शेवटचं सगळ्यात जास्त काम करतं. कारण भावकी मुलाचं नुकसान करते ती गुपचूप. चौदा माणसं बसलीत, आईकडचे, बापाकडचे, मध्ये एल्डर, आणि कागदावर लिहिलंय की शुक्रवारी रात्री पोरं कुणाकडे असतील, तेव्हा लपवाछपवी अवघड होते. आईकडचे बापाकडच्यांवर लक्ष ठेवतात आणि बापाकडचे आईकडच्यांवर, आपल्याकडे पण हेच असतं ना, फक्त इथे त्याचा मुलासाठी उपयोग केला जातो. शहरात मी महिन्यातून एकदा अर्धा तास भेट द्यायचे आणि सगळं ठीक असं लिहायचे. इथे १४ माणसं रोज बघतात.

आणि काही बाबतींत तडजोड नाहीच. लैंगिक अत्याचार, मारहाण, तिथे पोलीस येणार, तो माणूस गावाबाहेर जाणार, आणि घर सुरक्षित नसेल तर मूलही हलणार, पण हलणार ते आधी त्याच्या माणसांकडे. वाहकोहतोविनचा अर्थ गुन्हेगाराला झाकणं असा कुणी काढत असेल तर एल्डर बायकाच त्याला जाब विचारतात. मी बघितलंय, एका सभेत एक म्हातारी उठली आणि स्वतःच्या सख्ख्या भावाबद्दल बोलली, तिला स्वतःला साठ वर्षं जे बोलता आलं नव्हतं ते. त्यानंतर तिच्या नातीची केस पुढे सरकली.

जे जमत नाही तेही सांगते. कूकुमा थकल्यात. सत्तरीतली बाई तिसरी पिढी वाढवतेय, शुगर आहे, गुडघे गेलेत, आणि आम्ही तिलाच पुन्हा फोन करतो, ही आमच्या पद्धतीतली खरी दुबळी जागा आहे. घरं कमी आहेत, तीन बेडरूमच्या घरात बारा माणसं, मग आईबापाला बाहेर काढायचं तर कुठे? व्यसनमुक्तीचा उपचार गावात नसतो, विमानानं विनिपेगला जायचं, नंबर लागायला महिने. आई तयार झालेली असते त्या आठवड्यात जागा मिळत नाही, आणि जागा मिळते तेव्हा ती पुन्हा पीत असते. नवा कायदा आला म्हणून लगेच आकडे पालटलेले नाहीत, २०२१ च्या जनगणनेत कॅनडातल्या १४ वर्षांपर्यंतच्या एकूण मुलांत आदिवासी मुलं ७.७ टक्के आणि फोस्टर केअरमध्ये मात्र ५३.८ टक्के, मॅनिटोबात तर केअरमधल्या दर दहांपैकी नऊ मुलं आदिवासी. तीन पिढ्या उसवलेलं एका बजेटनं शिवलं जाणार नाही, आणि पैसे मध्येच थांबले तर आहे तेही जाईल ही भीती आम्हा सगळ्यांना आहे.

तुमच्या इंटर्नशिपशी जोडून एकच सांगते. आपल्या बालन्याय कायद्यातही लिहिलंय की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आणि महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, ज्यात मूल घरात किंवा नातेवाइकाकडे वाढावं म्हणून दरमहा मदत मिळते. तुमच्या समितीपुढे पुढचं मूल येईल तेव्हा बालगृहाचं पत्र टाइप व्हायच्या आधी मामा, मावशी, आत्या, चुलते यांना कुणी फोन केला होता का, किती जणांना, आणि त्यांनी नाही म्हटलं असेल तर नेमकं कशामुळे, पैशामुळे की जागेमुळे की मनातून, एवढं विचारून बघा.

इकडे यायचा विचार असेल तर पदवीचं मूल्यमापन कॅनेडियन असोसिएशन ऑफ सोशल वर्कर्स करतं, आणि मॅनिटोबात सोशल वर्कर म्हणवून घ्यायला तिथल्या कॉलेज ऑफ सोशल वर्कर्सकडे नोंदणी लागते, म्हणून कागद लवकर लावा, वेळ जातो. उत्तरेकडच्या एजन्सींना माणसं कायम हवी असतात, पण वर्षभरात पळणारी नकोत, गावानं अशी खूप बघितलीत, आणि तुम्ही दुसऱ्या हिवाळ्यात पण दिसलात की मगच लोक दारात उभं न करता आत बोलावतात. क्री भाषेतले नात्यांचे शब्द आधीच शिकून या, पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून मोठ्या कागदावर कुटुंबाचा नकाशा काढायला लागेल, आणि निकावीस कुठे लिहायची आणि निसिकोस कुठे हे माहीत असलं तर कूकुम तुमच्या हातातून पेन काढून घेईल आणि उरलेली नावं स्वतः लिहायला लागेल.